वर्तमानपत्र कोणाच्या पैशावर चालते?

(इस्लापूर, तालुका किनवट येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



"पेपरात आमचे काय असते?" हा प्रश्न ह्या गावात आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. विचारणारा कधी कुणबी असतो, कधी सुतार, कधी तांड्यावरचा नाईक. प्रश्न रोकडा आहे आणि त्याला उधारीचे उत्तर चालणार नाही. म्हणून आज वर्तमानपत्रांची मूळपीठिका सांगताना आम्ही एकच धागा धरणार आहोत. पत्राला पैसा कोण पुरवितो, तो धागा. आपल्यात म्हण आहेच, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. वर्तमानपत्र काही म्हणीबाहेरचे नाही.

मराठीतले पहिले वर्तमानपत्र 'दर्पण'. ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस निघाले. बाळशास्त्री जांभेकर हे त्याचे संपादक. पानाच्या एका बाजूस इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूस मराठी. बाळशास्त्री मोठे विद्वान व सुधारणेच्या बाजूचे गृहस्थ होते, त्यांच्या नावाने आम्ही बोट मोडणार नाही. परंतु ते पत्र वाचणार कोण? साहेब, साहेबाच्या कचेरीतले कारकून आणि शहरातले चार शिकलेले लोक. औत हाकणाऱ्याला अक्षरच शिकविलेले नव्हते, तर त्याच्यासाठी पत्र काढणार कोण आणि घेणार कोण?

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ह्या सभेत लोहार-सुतार बसले आहेत. पत्रात मजकूर कोणाचाही असो, तो कागदावर उमटविणारा हात कोणाचा होता? मुंबईस गणपत कृष्णाजी नावाचे भंडारी समाजातले गृहस्थ होते. त्यांनी दगडावरची छपाई स्वतःच्या हिकमतीने साध्य केली आणि १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापून काढले. तोवर पंचांग हाताने लिहिलेले असे. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवेनात, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले. तुपाने विटाळ फिटला! दुसरे जावजी दादाजी. हा मराठ्याचा पोरका पोर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासावयास लागला. खिळे म्हणजे छापण्याची शिशाची अक्षरे. घासता घासता त्याने ते ओतण्याची सगळी विद्या उचलली, १८६४ साली स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना घातला आणि पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागराची देवनागरी अक्षरे साऱ्या हिंदुस्थानात नावाजली. ज्या संस्कृत ग्रंथांचा अधिकार शूद्राला नाही असे म्हणत, ते ग्रंथ ह्या जावजीच्या खिळ्यांनी छापले जाऊन शास्त्रीबुवांच्या घरोघर गेले. अक्षर घडविणारा हात आपला आणि अक्षराची बंदीही आपल्यालाच, असा तो काळ होता.

आता आपल्या पत्राकडे येऊ. १८७६-७७ साली दख्खनात मोठा दुष्काळ पडला. जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीस अनाथ पोरांसाठी अन्नछत्र घातले. त्याच धामधुमीत, १ जानेवारी १८७७ रोजी, कृष्णराव पांडुरंग भालेकर ह्यांनी पुण्यास 'दीनबंधु' नावाचे साप्ताहिक सुरू केले. भालेकर तेव्हा अवघे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. शेतकरी, कारागीर आणि मजूर ह्यांच्या बाजूने बोलणारे हे महाराष्ट्रातले पहिले पत्र. धाडस केवढे पाहा. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांच्यात वाचता येणारा गावात एखादा, आणि जे वाचू शकत होते त्यांना हे पत्र डोळ्यासमोर नको. वर्गणी येणार कुठून? त्यात १८७८ साली लिटनसाहेबाने देशी भाषांतल्या पत्रांचे तोंड बांधणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, म्हणजे साहेबाला शिव्या द्यावयाच्या तर साहेबाच्या भाषेत द्याव्या! एवढे ओझे ओढता ओढता भालेकर तीनेक वर्षांत पैशाने थकले.

१८८० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी तेच पत्र मुंबईस नेले. लोखंडे फुलमाळी समाजातले. रेल्वेत आणि टपालात नोकरी करून ते मांडवीच्या कापडगिरणीत सामानाच्या कोठारावर लागले होते. गिरणीत माणसाचे काय होते हे त्यांनी रोज पाहिलेले, आणि हातात पत्र. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि हजारो सह्यांचे मागणीपत्र तयार केले. त्यातली एक मागणी आठवड्यास एक सुटी ही होती. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आमच्या शाळेतली पोरे रविवारी नदीवर पोहावयास जातात, त्यांना ती सुटी पंचांगातून आली असे वाटते. मजूर लोखंड्यांना ओळखत होते, कारण दर आठवड्यास त्यांचे दुःख छापून येत होते.

ह्या कामी मुंबईच्या तेलुगू बोलणाऱ्या कामाठी-माळी मंडळींचे सत्यशोधक समाजाला मोठे पाठबळ होते. आमचा तालुका तेलंगणाच्या शिवेवरचा, बाजारात अर्धे बोलणे तेलुगू, म्हणून हे मुद्दाम सांगितले. परमुलुखात खोऱ्या-घमेल्यावर पोट भरणाऱ्या घराण्यांतून वर आलेल्या त्या मंडळींनी दुसऱ्या भाषेच्या रयतेच्या चळवळीला हात दिला.

पण आपले पत्र म्हणून त्याच्यावर डोळे मिटून हार घालू नयेत. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधु'त आले, पुढचे छापावयास संपादकांचे धाडस झाले नाही. जोतीरावांनी आपली नाराजी लपविली नाही. सरकारची भीती होती, छापखाना जप्त झाला तर पुन्हा उभा करावयास पैसा नव्हता. आमच्या मते लोखंडे भित्रे नव्हते. ज्याच्यामागे वर्गणीदारांचा जमाव उभा नाही तो शूर माणूसही हात राखून लिहितो, एवढाच ह्याचा अर्थ. १८८२ सालची गोष्ट ह्याच्या शेजारी ठेवून पाहा. कोल्हापूरच्या प्रकरणात 'केसरी'चे टिळक आणि आगरकर ह्यांच्यावर खटला झाला. मते उलटी असूनही जोतीरावांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे ह्यांनी त्यांच्या जामिनाचे दहा हजार रुपये उभे केले, आणि दोघे डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी सुटले तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचा सत्कार केला. लिहिण्याबद्दल माणूस तुरुंगात जाऊ नये, हे तत्त्व आपल्या वडिलांनी विरोधकासाठीही पाळले. पुढे आपल्या पत्रांच्या वाट्याला अशी उदारता किती आली, ते ज्याने त्याने ताडून पाहावे.

भगिनींनी एक नाव ध्यानात ठेवावे, तानुबाई बिर्जे. त्या जोतीरावांच्या शेजारच्या ठोसरांच्या लेक. लोखंडे १८९७ साली वारल्यावर बंद पडलेला 'दीनबंधु' वासुदेवराव बिर्जे ह्यांनी पुन्हा उभा केला, आणि त्यांच्या मागे त्यांच्या ह्या पत्नीने तो काही वर्षे चालविला. विधवा बाईने उंबऱ्याबाहेर येऊ नये असे म्हणण्याच्या काळात ही बाई दर आठवड्यास अग्रलेख लिहीत होती.

परंतु आम्हांला ज्या पत्राचे सर्वांत नवल वाटते ते 'दीनमित्र'. कारण ते खेड्यातून निघत असे. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, त्या जिल्ह्यात नेवासे तालुका. तिथे तरवडीचे गणपतराव पाटील ह्यांनी १८८८ साली 'दीनमित्र' नावाचे मासिक काढले होते. त्यांच्या घरी दत्तक गेलेले मुकुंदराव हे जन्माने कृष्णराव भालेकरांचेच चिरंजीव. त्यांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी सोमठाणे गावाहून 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केले आणि पुढे ते तरवडीहून चालविले. १९६७ साली मुकुंदराव वारले तोपर्यंत ते पत्र त्यांनी सोडले नाही. सत्तावन्न वर्षे! दोन महायुद्धे गेली, इंग्रज गेला, संस्थाने गेली, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातून आठवड्यामागून आठवडा अंक निघतच राहिला.

खेड्यात पत्र चालविणे म्हणजे काय, ते शेतकऱ्याला चांगले कळेल. कागदाचे गठ्ठे शहरातून आणावयाचे. शिशाचे खिळे झिजले की पुन्हा शहर. एकेक अक्षर चिमटीने उचलून ओळ जुळवावयाची, पान छापले की तीच अक्षरे सोडवून घरात परत टाकावयाची, आणि पुढच्या आठवड्यास तेच. पेरणी-खुरपणीसारखे, आज केले म्हणून उद्या सुटत नाही. आणि त्या पानांत असे काय? कुठल्या गावी सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले, कुठे सावकाराने जमीन गिळली, कुठे कुळकर्ण्याने सातबारा फिरविला. लिहिणारे पुष्कळसे खेड्यातलेच लोक. मुकुंदरावांनी स्वतः 'कुळकर्णी लीलामृत' लिहिले, तेही १९१३ साली, म्हणजे कुळकर्णी अजून वतनावर बसलेला असताना. पुण्या-मुंबईच्या पत्रात खेडे आले तर ते दुष्काळापुरते किंवा दरोड्यापुरते येई. 'दीनमित्रा'त खेडे रोजच्या जगण्यासाठी आले. बातमी कशाला म्हणावे हे ठरविणारा माणूस गावात राहत होता, हे त्याचे कारण.

त्या दिवसांत अशी पत्रे पुष्कळ निघाली. बडोद्यास भगवंतराव पाळेकरांची 'जागृति', पुण्यास श्रीपतराव शिंद्यांचा 'विजयी मराठा', बेळगावास 'राष्ट्रवीर'. काही वाढली, काही दोन वर्षांत आटली. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला. त्यास शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ह्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. 'मूकनायक' १९२३ साली बंद पडला. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाला, त्याचे अंकचे अंक बाबासाहेबांना एकहाती लिहून काढावे लागत. तोही १९२९ साली पैशावाचून थांबला. जगातल्या थोर विद्यापीठांतून शिकून आलेला, चवदार तळ्याचा लढा लढणारा पुरुष लिहिणारा, आणि तरी पत्र चालू नये! पत्राला नुसती विद्वत्ता पुरत नाही, त्याला दर महिन्यास पोस्टात पैसे भरणारी माणसे लागतात. राजाची देणगी एका पावसासारखी असते, त्यावर पेरणी होते, पीक हाती येत नाही.

हे सगळे चालले होते तेव्हा आपण कुठे होतो? निजामाच्या राज्यात. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे इंग्रजी अंमल, अलीकडे आसफजाही. सहस्रकुंडाचा धबधबा दोन्ही काठांना सारखाच ऐकू येई, पण पलीकडे जे छापता येई ते अलीकडे वाचणेही धोक्याचे होते. सभा घ्यावयाची तर परवानगी, शाळा उर्दूत, मराठी पत्र म्हणाल तर बोटावर मोजण्याइतके. हैदराबादेस १९२० साली 'निजाम विजय' निघाले. १० फेब्रुवारी १९३८ रोजी आनंद कृष्ण वाघमारे ह्यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. सरकारने बंदी घालावी आणि पत्राने नाव बदलून संस्थानाबाहेरून पुन्हा निघावे, असा खेळ पुष्कळ दिवस चालला. तेलुगू बाजूस सुरवरम प्रताप रेड्डी ह्यांची 'गोलकोंडा पत्रिका' १९२६ पासून होती. निजामी तेलंगणात तेलुगू कवीच नाहीत असे कोणी हिणविले, तेव्हा ह्यांनी ३५४ कवींच्या कविता गोळा करून एका ग्रंथात छापल्या. टोमण्याला असे उत्तर द्यावे.

आणि उर्दूत? उर्दू म्हणजे रझाकार, असे आपल्याकडे अजून काही लोक समजतात. त्यांनी शोएबुल्लाखानाची हकीकत ऐकावी. हैदराबादेत मंदुमुल नरसिंगराव ह्यांचे 'रय्यत' नावाचे उर्दू पत्र होते. नावच पाहा, रय्यत! शोएबुल्लाखान त्या पत्रात काम करीत. सरकारने ते बंद पाडले तेव्हा त्यांनी 'इमरोज' हे आपले दैनिक काढले. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील झाले पाहिजे आणि रझाकारांचा धुमाकूळ थांबला पाहिजे, असे हा मुसलमान तरुण उर्दूत, हैदराबाद शहरात बसून छापीत होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, जो आपल्या लातुरात वकिली करीत असे, त्याच्या सभांतून हात तोडण्याच्या धमक्या निघत होत्या. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना शोएबुल्लाखानांना गाठून गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात तोडला. वय तिशीच्याही आतले. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, १७ सप्टेंबर रोजी, निजाम शरण आला. आपण दरवर्षी त्या दिवशी झेंडा लावतो. त्या झेंड्याखाली ह्या माणसाचे नाव आम्ही फार थोड्या वेळा ऐकले आहे.

आता आजचे. आज पत्रे रंगीत आहेत, पाने पुष्कळ आहेत, आणि गावात रोज सकाळी येतात. पण अंकाची किंमत पाहिली तर ती त्याच्या कागदालाही पुरणार नाही. मग बाकीचा खर्च कोण देतो? जाहिरातवाला. सरकारी जाहिरात, बियाण्याची, औषधाची, दवाखान्याची, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची. २००९ सालच्या निवडणुकीत तर उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापल्याचा बोभाटा झाला, आणि प्रेस कौन्सिलच्या समितीने त्याची चौकशी केली. मोबाईलवरची बातमी तर सर्वस्वी फुकट. फुकट मिळणाऱ्या गोष्टीत गिऱ्हाईक कोण आणि माल कोण, ह्याचा विचार बैलबाजारात उभे राहणाऱ्याला आम्ही काय शिकवावा!

ह्याचा तोटा आपल्या जिवावर बेततो. २०१७ साली बोंडअळीने कापूस खाल्ला ते वर्ष आठवा. त्याच पावसाळ्यात नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात येऊ लागले. वीसांहून अधिक माणसे त्या जिल्ह्यात दगावली. मोठ्या शहरांतल्या पत्रांत त्याचा गाजावाजा झाला तोवर ऑक्टोबर उजाडला होता, फवारणीचा हंगाम उतरणीला लागला होता. पहिला माणूस चक्कर येऊन पडला तेव्हाच कोणी गाव, तारीख, औषधाचे नाव लिहून छापून आणले असते आणि ते चावडीवर मोठ्याने वाचले गेले असते, तर मागच्या काहींनी तोंडाला फडके बांधले असते, कोणी पंप खाली ठेवला असता.

म्हणून तीन कामे सांगतो. पहिले, कोणतेही पत्र हातात आले की शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ आधी वाचा. मुद्रक, प्रकाशक, मालक, संपादक, छापल्याचे ठिकाण, ही नावे तिथे द्यावी लागतात. १८६७ सालच्या कायद्यापासून ही चाल आहे. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, पण पत्र कोणाचे ते सांगण्याची सक्ती टिकली आहे. जमीन घेताना सातबारा पाहता, तसा हा पत्राचा सातबारा.

दुसरे, वर्गणी. एकट्याला जड जात असेल तर पाच घरांनी मिळून आपल्या विचाराचे एक साप्ताहिक घ्यावे. एका घरी दोन रात्री राहील. ज्या घरी पोरगी शिकलेली आहे त्या घरी तिने ते आजीला वाचून दाखवावे. हिंदी-मराठीचे धडे आम्ही वर्गात घेतो, पण सासऱ्यासमोर मोठ्याने वाचण्याचा सराव घरातच होतो. वर्गणी संपल्याचे पत्र आले की उत्तर द्यावे. घेणार नसाल तर तसे लिहावे. अंक घेत राहावयाचा आणि पैशाच्या वेळी गावाला गेलो म्हणावयाचे, ह्या रोगाने आपली जितकी पत्रे मेली तितकी सरकारच्या हातूनही मेली नसतील, असे आमचे मत आहे.

तिसरे, लिहिणे. आम्हांला लिहिता येत नाही, हे सांगू नका. बातमीला अलंकार लागत नाहीत. काय झाले, कुठे, कोणत्या तारखेस, कोणी पाहिले, किती नुकसान. काट्यावर कापूस किती मापाने मारला, ते किलोत. धान्य दुकान किती दिवस बंद होते, ते तारखांनिशी. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावे, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिता त्याला आधी विचारून त्याचे म्हणणेही खाली द्यावे. रागाने लिहिलेला कागद एक रात्र उशाखाली ठेवावा. लोहारकाम करणाऱ्याने पोलादाचे भाव लिहावे, कुंभाराने माती मिळत नाही ते लिहावे, कोलामाच्या पोडावर रस्ता नाही तर बाळंतीण कशी आणली ते त्या बाईनेच सांगावे आणि कोणी उतरून घ्यावे.

दर रविवारी सकाळी, बाजाराची गडबड सुरू होण्यापूर्वी, शाळेच्या ओसरीवर अंक वाचला जाईल. ज्याला लिहून हवे आहे त्याने यावे, आम्ही आणि सातवीची पोरे लिहून देऊ. कोऱ्या कागदाचे दस्ते आणून ठेवले आहेत. ह्या आठवड्यात सोयाबीनच्या पंचनाम्याला कोणाच्या शेतात कोणी आले आणि कोणाच्या शेतात आले नाही, त्याची यादी प्रथम करू. गट नंबर आठवत नसेल तर सातबाऱ्याचा उतारा बरोबर आणावा.